ब्रिटनचा दहा पौंडांचा ख्रिसमस बोनस: ठेवावा, मोडावा की वाढवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांची आई लेस्टरमध्ये एकटी राहते, वय ७६. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करत तिचं आयुष्य गेलं. दर डिसेंबरात तिच्या बँक खात्यात सरकारकडून दहा पौंड जमा होतात. मुलाचं म्हणणं असं, की आजच्या महागाईत दहा पौंडांत होतं काय? ही मदत आहे की गरिबांची चेष्टा? बंद करून तोच पैसा दवाखान्यांना दिला तर काय बिघडेल? शेवटी त्यांनी हेही विचारलंय, की महाराष्ट्रातल्या 'आनंदाचा शिधा'लाही हेच लागू होतं का.

मी ब्रिटनमध्ये बेनिफिट सल्लागार आहे. पेन्शन, अपंगत्वाचे भत्ते, युनिव्हर्सल क्रेडिट (बेरोजगार आणि कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी मदत) अशा बेनिफिटांचे, म्हणजे सरकारी मदतीचे, फॉर्म भरून देणं आणि नाकारलेल्या क्लेमवर अपील करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे हा बोनस मला सरकारी कागदावरही दिसतो आणि तो ज्यांच्या हाती पडतो त्यांच्या घरातही दिसतो.

माझं मत आधीच सांगते. सणाला सरकारने थोडे जास्तीचे पैसे देणं ही चांगली पद्धत आहे आणि ती टिकली पाहिजे. ब्रिटनच्या बोनसमध्ये खोट आहे ती एकच: १९७२ साली ठरलेला आकडा आजतागायत तोच आहे. तेवढ्यासाठी योजना मोडून टाकणं मला पटत नाही. आकडा दुरुस्त करायला हवा. तो कसा करता येतो हे शेजारच्या आयर्लंडने दाखवलेलं आहे, त्याकडे पुढे येते.

हा बोनस सुरू केला पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्या सरकारने. तेव्हा भाव झपाट्याने चढत होते, पेन्शन त्यामागे धापा टाकत होतं, म्हणून ख्रिसमसच्या तोंडावर एकदाच दहा पौंड द्यायचे ठरले. त्या वेळी एकट्या माणसाचं मूळ सरकारी पेन्शन आठवड्याला ६ पौंड ७५ पेन्स होतं. म्हणजे दहा पौंड ही दीड आठवड्याची रक्कम झाली. कोळसा, ख्रिसमसच्या जेवणाची टर्की कोंबडी, नातवंडांची खेळणी असं सगळं त्यात बसत होतं. १९७५ आणि १९७६ या दोन वर्षी बोनस दिलाच नाही. नंतर तो पुन्हा सुरू झाला आणि १९७९ च्या कायद्याने कायमचा झाला. मधे फक्त एकदा, आर्थिक मंदीच्या वेळी, २००९ च्या सुरुवातीला ६० पौंड जादा देण्यात आले. पुढच्या डिसेंबरात पुन्हा दहाच.

आता हिशेब करून बघा. तुमच्या आईंच्या वयाच्या व्यक्तीला लागू असलेलं पूर्ण मूळ पेन्शन २०२५-२६ मध्ये आठवड्याला १७६ पौंड ४५ पेन्स होतं. १९७२ मध्ये हा बोनस म्हणजे दहा दिवसांचं पेन्शन होतं. आज तो दहा तासांचं पेन्शनही भरत नाही. १९७९ नंतर कुठल्याही सरकारने तो उघडपणे कापला नाही. आकडा तिथेच ठेवला आणि उरलेलं काम भाववाढीने केलं. अशी कपात कुणाला दिसत नाही आणि कुणी तिच्यासाठी मोर्चा काढत नाही. म्हणून ती मला उघड कपातीपेक्षा जास्त घातक वाटते.

तरीही या दहा पौंडांत एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी मी या योजनेची बाजू घेते. हे पैसे आपोआप येतात. अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, फोनवर तास तास ताटकळणं नाही. डिसेंबरच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात तुम्ही ठरावीक बेनिफिटपैकी एखादं घेत असाल तर खात्यात रक्कम पडते. स्टेटमेंटवर नॅशनल इन्शुरन्स नंबरच्या पुढे 'डीडब्ल्यूपी एक्सबी' असं लिहून येतं (डीडब्ल्यूपी म्हणजे पेन्शन आणि बेनिफिट देणारं सरकारी खातं). त्यावर कर नाही, आणि दुसऱ्या कुठल्या बेनिफिटमधून ती वजाही होत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. पण इथल्या गरिबांना सरकारकडून एरवी मिळणारा जवळजवळ प्रत्येक पौंड पुराव्यांच्या थप्पीतून काढावा लागतो. अपंगत्वाच्या भत्त्याचा फॉर्म भरताना माणसाला आपण आंघोळ कशी करतो, जेवण कसं करतो, संडासला कसं जातो हे अनोळखी अधिकाऱ्यासाठी पानं पानं लिहावं लागतं. अशा व्यवस्थेत काहीही न विचारता आलेली रक्कम, मग ती दहा पौंडांची का असेना, लोकांना वेगळी वाटते. माझ्याकडे येणाऱ्या काही आज्ज्या पोस्टात जाऊन मुद्दाम दहाची कोरी नोट घेतात आणि नातवाच्या ख्रिसमस कार्डात घालतात. दर आठवड्याच्या पेन्शनमधून त्या हे करणार नाहीत, कारण त्यातला पेनी न् पेनी आधीच कशावर तरी लागलेला असतो.

यामागे नुसती भावना नाही. १९९७ मध्ये ब्रिटनने ज्येष्ठांसाठी हिवाळ्यातल्या इंधनाचा भत्ता सुरू केला, विंटर फ्युएल पेमेंट. तो रोख मिळतो, कशावरही खर्च करायला मोकळीक असते. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संशोधन संस्थेच्या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. त्यांना असं आढळलं की घरं या भत्त्यातला सुमारे निम्मा पैसा खरोखर इंधनावरच घालतात. तेवढीच रक्कम नुसतं उत्पन्न म्हणून आली असती तर इंधनावर शेकडा तीनच्या आसपास गेली असती. पैशाला नाव दिलं की माणूस तो त्या नावाने खर्च करतो. सणाचा म्हणून दिलेला पैसा सणाला लागतो, आणि ज्यांच्या घरी सण म्हणजे नुसती वाढीव बिलं असतात त्यांच्यासाठी याला मोल आहे.

मात्र दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. प्रीपेमेंट मीटरवाल्या घरात हे दहा पौंड कसे जिरतात ते सांगते. अशा घरात विजेची किल्ली आणि गॅसचं कार्ड असतं. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्यात पैसे भरायचे, घरी येऊन मीटरमध्ये घालायचे. पैसे संपले की मीटर थोडं इमर्जन्सी क्रेडिट देतो, म्हणजे उधारी. शिवाय तुम्ही काही वापरा न वापरा, रोजचा स्टँडिंग चार्ज चढतच असतो. डिसेंबरच्या थंडीत एखाद्याने आठवडाभर उधारीवर काढला आणि मग बोनसचे दहा पौंड घेऊन दुकान गाठलं, तर घरी किल्ली घातल्याबरोबर मीटर आधी आपली उधारी आणि थकलेले चार्ज वळते करून घेतो. मी अशा घरात बसून तो पडदा पाहिलाय. दहा भरले आणि पडद्यावर उरले दोन-तीन पौंड. त्या माणसाला सरकारने ख्रिसमसची भेट दिली असं मला म्हणवत नाही. १९७२ चा बोनस अशा घराला दीड आठवडा पुरला असता.

याहून मोठा अन्याय यादीत आहे. सरकारी पेन्शन, पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणारी भर), केअरर्स अलाउन्स (आजारी-अपंगांची काळजी घेणाऱ्यांसाठी), अटेंडन्स अलाउन्स (रोजच्या कामांत मदत लागणाऱ्या ज्येष्ठांसाठी), पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट (अपंगत्वाचा भत्ता) घेणाऱ्यांना बोनस मिळतो. नुसतं युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्याला मिळत नाही. खासगी पेन्शन भरपूर असलेला, स्वतःच्या मोठ्या घरात राहणारा निवृत्त मॅनेजर यादीत बसतो. दोन मुलं सांभाळून सुपरमार्केटमध्ये अर्धवेळ काम करणारी आणि युनिव्हर्सल क्रेडिटवर महिना काढणारी एकटी आई बसत नाही. ख्रिसमसचा ताण तिच्याएवढा कुणावर असेल? शाळेत सगळी मुलं आपल्याला काय मिळालं ते सांगत असतात. ही यादी त्या काळच्या दीर्घ मुदतीच्या बेनिफिटांवरून बनली, बेरोजगार आणि कमी पगाराची घरं तिच्याबाहेर राहिली, आणि पुढे कुणी ती मुळापासून बदलायची तसदी घेतली नाही.

आता दवाखान्यांचा मुद्दा. दीड कोटीहून जास्त लोकांना प्रत्येकी दहा पौंड, म्हणजे पंधरा कोटी पौंडांच्या आसपास खर्च. रक्कम मोठी वाटते, पण इंग्लंडच्या आरोग्यसेवेचा अर्ध्या दिवसाचाही खर्च त्यात भागणार नाही. शिवाय अनुभव असा, की गरिबांच्या बेनिफिटमधून वाचवलेला पैसा गरिबांच्या दुसऱ्या कामाला जातोच असं नाही. तो तिजोरीत मिसळतो. त्यामुळे 'हे बंद करा आणि ते द्या' असं कुणी म्हणालं की मी आधी 'ते' कुठल्या कायद्यात लिहिलंय ते विचारते.

जास्त विचार करण्यासारखा पर्याय दुसरा आहे: सगळ्यांना दहा देण्यापेक्षा गरजूंनाच जास्त द्यावं. पेन्शन क्रेडिट घेणारे सुमारे चौदा लाख आहेत. सगळा पैसा त्यांनाच दिला तर प्रत्येकाला शंभर पौंडांवर पडतात. कागदावर हे चोख दिसतं. पण हाच प्रयोग २०२४ मध्ये विंटर फ्युएल पेमेंटवर झाला. अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी तो भत्ता पेन्शन क्रेडिटसारखी बेनिफिटं घेणाऱ्यांपुरता ठेवला, आणि घेणाऱ्यांची संख्या कोटीवरून पंधरा लाखांवर आली. अडचण अशी की पेन्शन क्रेडिटला पात्र असूनही लाखो ज्येष्ठ ते मागतच नाहीत. कुणाला माहीत नसतं, कुणाला फॉर्मची धास्ती, कुणाला हात पसरल्यासारखं वाटतं. म्हणजे सगळ्यात गरीब थरातलीच बरीच माणसं गाळली गेली. त्या हिवाळ्यात आमच्याकडे घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसांची रीघ लागली होती. शेवटी जून २०२५ मध्ये सरकारने माघार घेतली आणि वर्षाला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना भत्ता पुन्हा लागू केला. गरजू नेमके शोधायला गेलं की न मागणारे गरजू आधी निसटतात. बोनसचं काही करायचं असेल तर हा धडा डोळ्यापुढे हवा.

आयर्लंडचं उदाहरण मला आवडतं ते यामुळेच. तिथेही ख्रिसमस बोनस आहे, १९८० पासून. पण तो ठोक आकडा नाही. तो तुमच्या आठवड्याच्या रकमेच्या टक्क्यांत ठरतो. मंदीत, २००९ मध्ये, सरकारने तो बंद केला. २०१४ मध्ये २५ टक्क्यांनी परत आणला, मग ७५, मग ८५, आणि २०१८ पासून पूर्ण १०० टक्के. म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला एका आठवड्याचे पैसे दुप्पट. २०२५ मध्ये पूर्ण आयरिश पेन्शन आठवड्याला २८९ युरो ३० सेंट होतं, तेव्हा बोनसही तेवढाच. पेन्शन वाढलं की बोनस आपोआप वाढतो, त्यासाठी कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. यादीत एकल पालक आहेत, दीर्घकाळ बेरोजगार असलेलेही आहेत. कमतरता एकच, की दर अर्थसंकल्पात तो नव्याने जाहीर व्हावा लागतो. पण कापायचा झाला तर सरकारला तसं तोंडाने सांगावं लागतं, आणि २००९ मध्ये लोक रागावले ते म्हणूनच.

ब्रिटनमध्ये उद्या प्रत्येक पेन्शनरला एका आठवड्याचं पेन्शन जादा द्यायचं म्हटलं तर खर्च दोन अब्ज पौंडांच्या वर जातो. ते होणार नाही, आणि श्रीमंत पेन्शनरांसाठी व्हायलाही नको. माझी मागणी मर्यादित आहे. पेन्शन क्रेडिट, अपंगत्वाचे भत्ते, केअरर्स अलाउन्स आणि वर्षभर युनिव्हर्सल क्रेडिटवर असलेली घरं, एवढ्यांना त्यांच्या आठवड्याच्या रकमेचा ठरावीक हिस्सा बोनस म्हणून द्या. सुरुवात पाव हिश्शाने झाली तरी चालेल, आयर्लंडनेही पुन्हा सुरुवात तशीच केली. बाकीच्यांचे दहा पौंड तसेच राहू द्या, म्हणजे अर्ज न करणारा कुणी पूर्ण कोरडा राहणार नाही.

महाराष्ट्राकडे वळते. 'आनंदाचा शिधा' २०२२ च्या दिवाळीत सुरू झाला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो हरभरा डाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांबरोबर शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतले केशरी कार्डवाले शेतकरीही त्यात होते. माझ्या दृष्टीने या योजनेचा गुण असा, की महागाई तिला खात नाही. साखरेचा भाव काहीही होवो, किलोची पिशवी किलोचीच राहते. दहा पौंडांचं जे झालं ते शिध्याचं होऊ शकत नव्हतं. पण वस्तू म्हटली की टेंडर आलं, ट्रक आले, गोदामं आली. पहिल्याच दिवाळीत कितीतरी ठिकाणी पिशव्या वेळेवर पोचल्या नाहीत, कुठे चारपैकी एखादा जिन्नस आलाच नव्हता. फराळाचं सामान भाऊबीज उलटल्यावर मिळालं तर त्याचा उपयोग होतो, पण तो सणाचा उरत नाही. शिवाय या योजनेला कायद्याचा आधार नव्हता. दर सणाला मंत्रिमंडळाचा वेगळा निर्णय लागायचा. २०२५ च्या दिवाळीला तो झाला नाही आणि शिधा मिळाला नाही. ब्रिटनचे दहा पौंड कवडीमोल झालेत, पण कायद्यात असल्यामुळे कुणाला ते असे गुपचूप वगळता येत नाहीत.

२०२४ च्या रक्षाबंधनाला 'लाडकी बहीण'चे दोन महिन्यांचे ३,००० रुपये सणाच्या आधी खात्यांत पडले. ती सणाची भेट नव्हती, जुलै-ऑगस्टचे नेहमीचे हप्तेच एकत्र दिले होते. तरी त्यातून शिकण्यासारखं काही आहे. नवा पैसा नसला तरी हप्ता सणाच्या आधी दिला तर घराला त्याचा आधार होतो. संजय गांधी निराधार योजनेची रक्कम २०२३ मध्ये महिन्याला १,५०० रुपये झाली, पण हप्ता दोन-दोन महिने रखडल्याची तक्रार गावोगावी ऐकू येते. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा साठ ते एकोणऐंशी वयासाठीचा वाटा जवळजवळ दोन दशकं २०० रुपयेच आहे, म्हणजे दहा पौंडांचीच गोष्ट, फक्त दर महिन्याला. माझ्या हाती असतं तर निराधारांचा थकलेला हप्ता मी वसुबारसेच्या आत चुकता केला असता, आणि मग एक महिन्याची रक्कम दिवाळीसाठी जादा दिली असती. त्याला टेंडर लागत नाही, ट्रक लागत नाही. पैसे थेट बँक खात्यात देण्याची सोय आता झालेली आहेच.

भारतात परतलेल्या लोकांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुण्या-मुंबईतून हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो. ब्रिटनमध्ये नोकरी करून निवृत्तीनंतर कायमचं भारतात राहायला गेलात, तर ब्रिटिश पेन्शन मिळत राहतं, पण त्यात पुढे वाढ होत नाही. ज्या दराने भारतात सुरू झालं किंवा ज्या दराने तुम्ही इथून गेलात, तिथेच ते थांबतं. ख्रिसमस बोनसही बंद होतो. नुसतं हिवाळ्यात लग्नाला पुण्याला गेला असाल आणि राहणं इथलंच असेल तर बोनसला धक्का लागत नाही.

आणि आता तुमच्या आईंबद्दल, कारण या सगळ्यात सगळ्यात मोठी रक्कम कदाचित तिथेच आहे. त्यांना पेन्शन क्रेडिट मिळतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. एकट्या व्यक्तीसाठी पेन्शन क्रेडिटची किमान पातळी २०२५-२६ मध्ये आठवड्याला २२७ पौंड १० पेन्स होती. समजा त्यांना फक्त पूर्ण मूळ पेन्शन, म्हणजे त्या वर्षीच्या दराने १७६ पौंड ४५ पेन्स मिळतंय आणि बचत १०,००० पौंडांच्या आत आहे. तर आठवड्याला ५० पौंडांवर, वर्षाला अडीच हजारांवर रक्कम त्या सोडून देत आहेत. बचत जास्त असली तरी लगेच 'नाही' समजू नका, दहा हजारांवरच्या प्रत्येक ५०० पौंडांमागे आठवड्याचं एक पौंड उत्पन्न धरतात, एवढंच. पेन्शन क्रेडिट लागलं की काउन्सिल टॅक्समध्ये (आपल्या घरपट्टीसारखा कर) सूट आणि पंचाहत्तरीनंतर टीव्ही लायसन्स फुकट, अशी दारंही उघडतात.

त्यांना आंघोळ, कपडे घालणं, रात्री उठणं यांत मदत लागत असेल तर अटेंडन्स अलाउन्सचाही अर्ज करा. त्याला उत्पन्नाची अट नाही, २०२५-२६ मध्ये आठवड्याला ७३ पौंड ९० पेन्स किंवा ११० पौंड ४० पेन्स मिळत होते. त्या एकट्या राहतात आणि त्यांच्यासाठी कुणी केअरर्स अलाउन्स घेत नसेल, तर अटेंडन्स अलाउन्स लागल्यावर पेन्शन क्रेडिटची पातळीही वर जाते, २०२५-२६ च्या दराने ८२ पौंड ९० पेन्सनी. म्हणून पेन्शन क्रेडिट आधी एकदा नाकारलं गेलं असेल, तरी अटेंडन्स अलाउन्स मिळाल्यावर पुन्हा अर्ज करा. नाकारलेल्या बऱ्याच केसेस याच वाटेने मंजूर झालेल्या मी पाहिल्या आहेत.

पेन्शन क्रेडिट मागचे तीन महिने धरून मिळू शकतं, त्याहून मागचं नाही, तेव्हा पेन्शन खात्याला फोन या आठवड्यातच करा. ते सुरू झाल्यावर आई भारतात जाणार असतील तर मुक्काम चार आठवड्यांच्या आत ठेवा आणि जायच्या आधी पेन्शन खात्याला कळवा. त्याहून लांबचा मुक्काम ठरवून निघाल्या तर पेन्शन क्रेडिट सहसा बंद होतं आणि परत आल्यावर नव्याने अर्ज करावा लागतो. दोन महिन्यांचं तिकीट काढण्याआधी हे त्यांना सांगून ठेवा.